योगक्षेमाची वही

१८९७ सालच्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी इंग्रजीत लिहिलेले एक पत्र छापून निघाले. मध्य प्रांतातल्या दुष्काळी छावण्या आणि गरीबखाने पाहून त्या नुकत्याच परतल्या होत्या. पत्रात आधी त्यांच्या स्वतःच्या तरुणपणातल्या उपासमारीची हकिकत येते, मग रस्तोरस्ती दिसलेल्या अनाथ मुलींची, आणि मध्येच आकडे येतात. तीनशे मुली वाचवायच्या असे त्यांनी ठरवले आहे. अमेरिकेहून येणारा पैसा जेमतेम पन्नास जणींना पुरतो. बाकीच्यांचे पोट कशावर भरणार, असे लोक विचारतात. रमाबाईंच्या उत्तराचा आशय असा: मला ठाऊक नाही, प्रभूला ठाऊक आहे. एवढे बोलून मात्र त्या थांबत नाहीत. आम्ही आमच्या सोयी सोडू, जाडेभरडे खाऊ, एक वेळ जेवून राहू. घरात वीतभर जागा आणि मूठभर धान्य आहे तोवर येणारीला परत पाठवणार नाही, असे त्या पुढे लिहितात.

भाविक वाचक या पत्रातले ‘प्रभूला ठाऊक आहे’ तेवढे उचलतो. संशयी वाचकाला त्यात परदेशी दात्यांच्या खिशाला घातलेला हात दिसतो. दोघेही त्या जाड्याभरड्या भाकरीकडे पाहत नाहीत. मला सगळी गोम तिथेच वाटते. रमाबाईंनी देवावर टाकलेला भार कसा होता, तो कुठून आला, त्याची रोजची रीत काय होती, हे शोधायचे तर त्यांच्या चमत्कारकथा बाजूला ठेवून कागद पाहावे लागतात. कागद बऱ्यापैकी शिल्लक आहेत.

पहिला कागद त्यांचाच: १९०७ साली इंग्रजीत छापलेली, ‘आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष’ अशा अर्थाचे नाव असलेली पुस्तिका. दुसरा, इंग्लंडमधल्या वाँटेज इथल्या मठातील सिस्टर जेराल्डाइन यांनी जपून ठेवलेला पत्रव्यवहार. तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. तिसरा, बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचे वार्षिक अहवाल. चौथा, रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती संस्थेतून निघणारे ‘मुक्ती प्रेयर बेल’ हे छोटे पत्रक. शिवाय हेलन डायर यांनी रमाबाईंच्या हयातीतच, १९०० साली लिहिलेले चरित्र आहे. या कागदांचे वजन सारखे नाही. १९०७ ची साक्ष ही पन्नाशीला टेकलेल्या, श्रद्धा पक्की झालेल्या बाईने मागे वळून लिहिलेली आहे. मागे वळून पाहताना वाट सरळ दिसते. १८९८ सालच्या आसपासचा पैसा कुठून आला ते अहवालांतून कळते, पण आत काय चालले होते ते कळत नाही. पत्रे सर्वांत खरी, कारण ती भांडताना लिहिलेली आहेत.

साक्षीची सुरुवात रमाबाई वडिलांपासून करतात, आणि तसे करणे भाग होते. अनंतशास्त्री डोंगरे सह्याद्रीतल्या गंगामूळ इथे आश्रम करून राहिले होते. आल्यागेल्याच्या पाहुणचारात होते नव्हते ते संपले. १८५८ साली जन्मलेली रमा सहा महिन्यांची असताना तिला वेताच्या पेटीत घालून कुटुंब जे बाहेर पडले ते पुढची सोळा वर्षे चालतच राहिले. देवळात किंवा नदीकाठी बसून पुराण सांगायचे. ऐकणारे फुले, फळे, तांदूळ, पैसे ठेवतील त्यावर गुजराण. कुणाकडे मागायचे नाही, चाकरी करायची नाही. आज आपण ज्याला देवावर भरवसा टाकून जगणे म्हणू, तेच हे होते. अनंतशास्त्र्यांच्या घरात त्याला योगक्षेम म्हणत असणार: भक्ताचा योगक्षेम देव वाहतो, यावर त्यांनी बायकामुलांसह सगळे आयुष्य लावले होते.

मग १८७४ चा दुष्काळ आला. दागिने गेले, चांदीची भांडी गेली, तांब्याची गेली. साक्षीत रमाबाई सांगतात की त्या काळातही शास्त्रात सांगितलेली अनुष्ठाने सुरू होती, दानधर्म सुरू होता, कारण अमुक व्रत केले की अमुक फळ मिळते असे लिहिलेले होते. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात कुटुंबाने अकरा दिवस पाला आणि पाणी यांवर काढले. वडिलांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा भाऊ श्रीनिवास पुढे झाला आणि म्हणाला, मी काम करीन, अंगमेहनतीचे, कसलेही.

साक्षीतला हा प्रसंग वाचताना बहुतेकांचे लक्ष जलसमाधीवर खिळते. मला ते श्रीनिवासच्या शब्दांवर थांबवावेसे वाटते. शास्त्रीबुवांच्या कल्पनेत देवावरचा भरवसा आणि मजुरी एका घरात नांदत नव्हत्या. दुष्काळाने त्या दोन्ही एका घरात आणल्या, पण फार उशिरा. वडील त्याच वर्षी गेले, पाठोपाठ आई गेली, बहीण गेली. आईची तिरडी उचलायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. उंची कमी पडली म्हणून तिने तिरडीचा दांडा डोक्यावर घेतला. ही मुलगी पुढे केडगावात प्रार्थनेवर दोन हजार माणसांचे घर चालवते. वडिलांचाच भरवसा तिने दुसऱ्या देवाच्या नावाने उचलला, असे म्हणणे सोपे आहे आणि अर्धे चूक आहे. भरवसा उचलला, मजुरीची लाज खाली ठेवली.

मधली वर्षे सर्वपरिचित आहेत. १८७८ ची कलकत्त्यातली ‘पंडिता’ पदवी, बिपिनबिहारी मेधावींशी विवाह, १८८२ मध्ये आलेले वैधव्य, पुण्यातला आर्य महिला समाज, १८८३ ची इंग्लंडवारी आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा. आपल्या विषयाच्या दृष्टीने वाँटेजची पत्रे महत्त्वाची. १८८५ मध्ये सिस्टर जेराल्डाइनशी झालेल्या वादात सत्तावीस वर्षांच्या रमाबाई सुनावतात, की हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचे जोखड मी नुकतेच मोठ्या कष्टाने फेकले आहे, तेव्हा धर्मगुरूंच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द देवाची आज्ञा म्हणून मी मानणार नाही. मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे. देवावर विसंबणे आणि माणसांच्या अधिकारापुढे मान तुकवणे, या दोन गोष्टींत त्यांनी इथेच कायमची भिंत घातली. पुढे सरकारशी, पुण्याच्या सुधारकांशी, खुद्द ख्रिस्ती मंडळींशी त्यांचे जे खटके उडाले ते या भिंतीवरच.

अमेरिकेत १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल, उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रुक्स आणि फ्रान्सिस विलार्ड. निरनिराळ्या पंथांचे लोक. गावोगावी ‘रमाबाई सर्कल’ निघाली, सभासदांनी वर्षाला ठरावीक रक्कम द्यायची, दहा वर्षे द्यायची. त्या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीवर विधवांसाठीची शाळा, शारदासदन, उघडले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. अट एक: धर्मशिक्षण द्यायचे नाही. रमाबाईंनी ते दिले नाही. पण स्वतःच्या खोलीत मुलीबरोबर बायबल वाचताना आणि प्रार्थना करताना त्यांनी दार उघडे ठेवले. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये ‘केसरी’ने रान उठवले, ऑगस्टमध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पंचवीसेक मुली पालकांनी काढून नेल्या. उघड्या दाराचा न्याय करणे हा या लेखाचा विषय नाही. अटीचे अक्षर पाळले गेले आणि तिचा हेतू पाळला गेला नाही, एवढे माझे मत नोंदवून पुढे जातो. या वादाने त्यांना एक मात्र शिकवले असावे. ज्याचा पैसा वचनाने बांधलेला असतो, त्याची अटही बांधलेली असते.

आणि वचन तर दहा वर्षांचेच होते. ते १८९८ मध्ये संपणार. रमाबाईंनी आधी व्यवहारी तोड काढली. पुण्याहून दौंडकडे जाताना लागणाऱ्या केडगाव स्टेशनजवळ शंभरेक एकर जमीन घेतली आणि फळबाग लावली, म्हणजे वर्गणी थांबेल तोवर झाडे धरतील आणि शाळा त्यांच्या उत्पन्नावर चालेल. याच सुमारास त्यांच्या हाती तीन माणसांची चरित्रे पडली. साक्षीत त्यांनी नावे दिली आहेत: ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर, चायना इनलँड मिशनचे हडसन टेलर, पॅसिफिकमधल्या न्यू हेब्रिडीज बेटांवरचे जॉन पॅटन.

म्युलर हे प्रशियात जन्मलेले, ब्रिस्टलमध्ये स्थायिक झालेले. १८३६ मध्ये त्यांनी अनाथगृह काढले. कुणाकडे पैसा मागायचा नाही, कर्ज काढायचे नाही, जे हवे ते फक्त देवापुढे मांडायचे, असा नेम. अनाथांची काळजी हा आपला दुय्यम हेतू आहे, देव आजही प्रार्थना ऐकतो हे लोकांना डोळ्यांनी दाखवावे हा पहिला, असे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले आहे. त्यांच्या नोंदींत एक गमतीचा प्रसंग आहे. घरासाठी, सामानासाठी, माणसांसाठी, पैशासाठी त्यांनी प्रार्थना केली होती, सगळे मिळाले. अर्ज घेण्याचा दिवस उजाडला आणि एकही मूल आले नाही. मुलांसाठी प्रार्थना करायचे राहून गेले होते! पुढे अ‍ॅशली डाउनवर त्यांची पाच मोठी घरे उभी राहिली, २,०५० मुलांची सोय असलेली. या सगळ्याची पैपैची नोंद त्यांनी ठेवली आणि दरवर्षी अहवाल छापला. टेलर यांनी १८६५ मध्ये चीनसाठी चोवीस सोबती मागितले ते खात्यात दहा पौंड भरून. पॅटन यांनी अनिवा बेटावर, जिथे पाणी आभाळातून पडते एवढेच लोकांना ठाऊक होते, तिथे विहीर खणली आणि गोडे पाणी लागले. पॅटन यांची ही विहीर लक्षात असू द्यावी; केडगावात ती पुन्हा भेटेल.

ही चरित्रे वाचून रमाबाईंना प्रश्न पडला, की इतर देशांत जमते ते हिंदुस्थानात का जमू नये? अशा भरवशावर चालणारे मिशन इथे कुणी मिशनरी का काढत नाहीत? त्या लिहितात, की दुसऱ्याने करावे असे म्हणत बसण्यापेक्षा तूच का करीत नाहीस, असे प्रभूनेच आपल्याला विचारले. हे साक्षीतले वाक्य आहे, म्हणजे दहाएक वर्षांनंतरचे. पण त्याला पूर्वीचा आधार मिळतो तो लोणावळ्याच्या प्रसंगात. तिथे ख्रिस्ती लोकांचा मेळावा भरत असे. दुष्काळ पडण्यापूर्वीच्या मेळाव्याला रमाबाईंबरोबर ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली होत्या. पहाटे झाडीत एकट्या बसून त्यांनी मागणे मागितले, की पुढच्या मेळाव्यापर्यंत या पंधरांचा वर्ग व्हावा: पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. शब्द तोंडातून निघाले आणि स्वतःचीच धास्ती वाटली, कारण शारदासदनात तेवढी जागाही नव्हती आणि पैसाही. त्यांना आधार वाटला तो यिर्मयाच्या पुस्तकातल्या, देवाला अशक्य काय आहे अशा अर्थाच्या प्रश्नाचा.

भास्कराचार्यांच्या देशातल्या बाईनेच प्रार्थनेत वर्ग आणावा, याचे मला फार कौतुक वाटते. ‘पुष्कळ दे’ असे त्यांनी म्हटले नाही. आकडा मागितला, म्हणजे वर्षअखेरीस ताळा करता येईल. म्युलरच्या शाळेत त्या नीट शिकल्या होत्या.

नंतरच्या गोष्टी भराभर घडल्या. १८९६-९७ चा दुष्काळ, मध्य प्रांतातून आणलेल्या मुली, आणि त्याच वेळी पुण्यात प्लेग. एवढा जमाव शहरात ठेवायला परवानगी नाही, म्हणून मुली केडगावच्या रानात गेल्या, आधी तट्ट्यांच्या आसऱ्याला. मुक्तिसदन हे नाव त्या वसाहतीचे. त्याच वर्षी प्लेगच्या सरकारी इस्पितळातल्या गैरप्रकारांबद्दल रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते साफ चुकीचे ठरवले. प्रकरण विलायतेपर्यंत गेले. देवावर भार टाकलेल्या माणसाने सरकारी अन्याय मुकाट गिळावा, असे त्यांच्या वहीत कुठे लिहिलेले दिसत नाही.

१८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. जुनी असोसिएशन मुदत संपून विसर्जित झाली, तिच्या जागी अमेरिकन रमाबाई असोसिएशन आली आणि पुढेही मदत पाठवीत राहिली. हे अहवालात छापलेले आहे आणि भाविक चरित्रकार ते चटकन ओलांडतात. लपवण्यासारखे त्यात काही नाही. फरक इतकाच की आता मागे बांधलेला निधी नव्हता आणि माणसे मात्र वाढत होती. १८९९-१९०० च्या गुजरातच्या दुष्काळात, ज्याला लोक छप्पनचा काळ म्हणत त्यात, रमाबाईंची माणसे तिकडून मुलींचे तांडे घेऊन आली आणि मुक्तीतल्या तोंडांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. म्युलरच्या पाच दगडी घरांत मिळून जेवढी मुले, जवळजवळ तेवढी. फक्त ती घरे बांधायला म्युलरना एकवीस वर्षे मिळाली होती.

आता ती विहिरीची गोष्ट. पाऊस दगा दिलेल्या एका काळाचे वर्णन साक्षीत आहे. मुक्तीत सुमारे १,९०० माणसे, शंभरावर जनावरे, आणि भिस्त दोन विहिरींवर. दिवसभर उपसा चाले. संध्याकाळी दोन्ही विहिरींचा तळ दिसे. सकाळी पुन्हा दिवस निघेल एवढे पाणी साचलेले असे. रमाबाई याला देवाने दिलेले पाणी म्हणतात.

दख्खनच्या कातळात विहीर खणलेला कुठलाही शेतकरी याचा खुलासा देईल: झरा जिवंत असला तर रात्री विहीर भरते. उपसा थांबतो, भेगांतून पाणी झिरपत राहते. यात निसर्गाचा नियम मोडलेला नाही आणि तो मोडला असा दावाही रमाबाईंनी केलेला नाही, हे वाचताना ध्यानात येते. त्यांनी जे लिहिले आहे ते एका घर चालवणाऱ्या बाईचे रोजचे निरीक्षण आहे: संध्याकाळी तळ, सकाळी पाणी, आजचे भागले. उद्याचे लिहिलेले नाही, कारण उद्याचे कुणाला माहीत नव्हते. ज्यांनी पॅटनची अनिवा बेटावरची विहीर वाचली होती त्यांना या दोन विहिरींत साक्ष दिसावी हे साहजिक होते. इतिहासकाराला दिसते ते वेगळे: रोज संध्याकाळी तो तळ पाहून १,९०० माणसांतली एकही मुलगी परत न पाठवण्याचा निर्णय. चमत्कार कशाला म्हणायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. निर्णय मात्र कागदावर आहे.

‘आम्ही कुणाकडे मागत नाही’ हा दावा कितपत खरा? म्युलरबद्दल हा प्रश्न त्यांच्या हयातीतच विचारला गेला, आणि तो रमाबाईंनाही लागू आहे. जो मागत नाही तो अहवाल का छापतो? पन्नासपुरता पैसा आहे आणि तीनशे मुली आणतो आहे, हे वर्तमानपत्रात लिहिणे हे मागणे नाही तर काय? ‘प्रेयर बेल’च्या पानांत गरज सांगितलेली असे, मिळाल्याची पोच असे, आणि प्रार्थनेची विनंती असे. वाचणारा प्रार्थना करता करता पाकिटात पाच रुपये घालीत असेल, हे रमाबाईंना कळत नव्हते असे मानणे म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान. माझा निष्कर्ष असा, की दावा शब्दशः घेऊ नये, पण खोटाही म्हणू नये. त्यांनी गरज झाकली नाही. वचन मागायचे मात्र सोडले. अमुक माणसाने अमुक रक्कम अमुक वर्षे द्यावी, असा करार शारदासदनाच्या पायात होता. मुक्तीच्या पायात तो नव्हता. दात्याला उत्तरदायी राहायचे ते हिशेबापुरते, धोरणापुरते नाही. १८९३ च्या उघड्या दाराला मिळालेले हे उत्तर होते.

त्याच काळात पुण्यात दुसरा एक माणूस नेमक्या उलट रीतीने तेच काम करीत होता. शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे. त्यांचे यजमान धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि हिंगण्याहून पायी गावात येत दारोदार वर्गणी मागितली. रुपया दोन रुपयांपासून. देवाचे नाव घेण्याची त्यांना गरज वाटली नाही. दोघांच्याही संस्था टिकल्या. भरवशावर चाललेले टिकते आणि मागून चाललेले मोडते, किंवा याच्या उलट, असा सिद्धान्त पुण्याच्या इतिहासातून काढता येत नाही.

मुक्तीत प्रार्थनेला वेळापत्रक होते. पहाटेची, जेवणाआधीची, संध्याकाळची. मुलींना नावांच्या याद्या वाटलेल्या असत. प्रत्येकीने आपल्या वाट्याच्या माणसांसाठी नाव घेऊन रोज प्रार्थना करायची, अशी हजारो नावे. शाळेतल्या पाढ्यांसारखी ही रीत कुणाला यांत्रिक वाटेल. मला ती खानेसुमारीसारखी वाटते. ज्या मुलींची स्वतःची नावे दुष्काळी छावणीच्या वहीतही नीट चढली नव्हती, त्या रोज सकाळी लांबच्या अनोळखी माणसांची नावे एकेक करून घेत होत्या.

बाकीचा दिवस कामाचा. शेत, दूधदुभते, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, धुणे, भटारखाना, छापखाना. आंधळ्या मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेलची शाळा सुरू केली. वेताचे काम त्या मुली करीत. रानात श्रीनिवासने उच्चारलेला शब्द इथे पंचवीसेक वर्षांनी सगळ्या वसाहतीचा नियम झाला होता. अनंतशास्त्र्यांची मुलगी जात्यावर आणि मोटेवर भरवसा ठेवून प्रार्थनेला बसत होती, असे कुणी म्हटले तर तिने ते नाकारले नसते असे मला वाटते.

१९०५ च्या आरंभी सत्तर जणी रोज एकत्र जमून साऱ्या हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती लोकांच्या आत्मिक जागृतीसाठी प्रार्थना करू लागल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या. जूनच्या अखेरीला मुक्तीत ते प्रसिद्ध उज्जीवन झाले: रडणे, पापांची कबुली, एकाच वेळी सगळ्यांनी मोठ्याने प्रार्थना, अन्य भाषांत बोलणे. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांच्या १९०६ च्या पुस्तिकेने ते जगभर नेले. या विषयावर ढिगाने लिहिले गेले आहे. मी एकच नोंद करतो. हा गोंधळ ख्रिस्ती उपासनेला शोभत नाही, अशी टीका झाली तेव्हा रमाबाईंनी आपल्या मुलींची बाजू घेतली. हिंदी माणसांची भक्ती हिंदी स्वभावाला धरून का उमटू नये, असा त्यांचा सवाल होता. आणि अन्य भाषेत बोलणे हीच आत्मा मिळाल्याची खूण, हा हट्टही त्यांनी धरला नाही. वाँटेजची ती भिंत अजून उभी होती.

शेवटची वही बायबलची. प्रचलित मराठी भाषांतर खेड्यातल्या बायकांना जड जाते, म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ भाषांवरून, सोप्या मराठीत सगळे बायबल पुन्हा उतरवायला रमाबाईंनी घेतले तेव्हा त्यांची पन्नाशी जवळ आली होती. संस्कृतच्या पंडितेने संस्कृत शब्द टाळत लिहिलेले हे मराठी आहे. कान कमजोर होत गेला, तरी काम चालू राहिले. नवा करार १९१३ मध्ये छापला गेला. २४ जुलै १९२१ ला मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. १९२४ साली संपूर्ण बायबल केडगावात छापून झाले. खिळे जुळवणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या आणि पाने बांधणाऱ्या मुक्तीतल्याच बाया होत्या.